पुसली तरी परत येणारी फाइल

ती दुपार माझ्या मनातून अजून गेलेली नाही. नोकरीत मी मृतदेह पाहिले, जळालेली घरं पाहिली, सुरा घेतलेल्या माणसासमोर उभा राहिलो. पण भीती म्हणजे काय, हे मला कळलं ते एका नीटनेटक्या, उबदार घरात, भर दुपारी. त्या घरात काहीही मोडलेलं नव्हतं, काही चोरीला गेलं नव्हतं, दाराचं कुलूप शाबूत होतं.

मी मूळचा नागपूरचा. वडील डॉक्टर. त्यांना इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि चौदाव्या वर्षी मी इंग्लंडात, नॉटिंगहॅमला आलो. डॉक्टरचा मुलगा पोलिसात गेला, हे आमच्या मराठी मंडळींच्या गळी कधी उतरलं नाही. गणपतीच्या कार्यक्रमात कुणी विचारलं की वडील "तो सरकारी नोकरीत असतो" एवढंच सांगून विषय बदलत. मी सांगतोय ती गोष्ट दोन हजारनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली. घराघरांत ब्रॉडबँड नुकतं येत होतं. मी तेव्हा डिटेक्टिव्ह सार्जंट होतो आणि संगणकाच्या गुन्ह्यांसाठी आमच्याकडे ठाण्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या.

खबर आली ती एका मिडवाइफकडून, म्हणजे बाळंतपणं बघणाऱ्या नर्सकडून. इथे गरोदर बाईच्या तपासणीत मिडवाइफ एकदा तरी नवऱ्याला बाहेर बसवून तिला एकटीला विचारते, घरी सगळं ठीक आहे ना? हा प्रश्न विचारताच ही बाई तिच्या जवळ सरकून म्हणाली, "घरातला कॉम्प्युटर माझ्याकडे बघतो."

मिडवाइफला आधी वाटलं, हा मनाचा आजार असावा. पण तिने मला फोनवर एक गोष्ट सांगितली, ती महत्त्वाची ठरली. भ्रमात असलेला माणूस पटवून द्यायला बघतो. ही पटवून देत नव्हती. सांगितल्यावर तिने लगेच हात जोडले आणि म्हणाली, कुणाला सांगू नका, त्याला कळेल.

बाई मराठी असल्यामुळे केस माझ्याकडे आली. मी घरी जायचं टाळलं. पुढच्या तपासणीच्या वेळी क्लिनिकमधल्याच एका खोलीत आम्ही भेटलो. माझ्याबरोबर एक महिला कॉन्स्टेबल होती. बाई पंचविशीची, विदर्भातली, सातवा महिना. नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअर इंजिनिअर, वर्क व्हिसावर आलेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. इथे तिचं ओळखीचं कुणी नव्हतं. सकाळी नवरा ऑफिसला गेला की ती पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर आईशी चॅट करत बसायची. तेवढाच तिचा विरंगुळा.

मी मराठीत बोलायला लागलो तशी ती आधी दचकली.

"तुम्हाला ह्यांनी पाठवलंय का?" तिने विचारलं.

"मी तुमच्या मिस्टरांना ओळखत नाही. त्यांना मी इथे आलोय हेही माहीत नाही."

तिने खुर्ची जवळ ओढली. मग बोलायला लागली. आधी माउस आपोआप हलायचा. मग स्क्रीनवर एक खिडकी उघडली आणि त्यात इंग्रजीत आलं, निळा रंग तुला शोभतो. तिने त्या दिवशी निळा ड्रेस घातला होता. तिने कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. दुसऱ्या दिवशी खिडकीत आलं, टॉवेल काढ. नाही काढलास तर तुझे फोटो तुझ्या यादीतल्या सगळ्यांना जातील. त्याखाली एक फोटो होता. दार लावून घेतल्यावर माणूस घरात जसा वावरतो, तसा. यादीत तिचे सासरे होते, दीर होते, नवऱ्याचे ऑफिसातले लोक होते. कॉम्प्युटर बंद केलास तरी पाठवीन, अशीही धमकी होती. म्हणून तिने तो बंद करणंच सोडून दिलं होतं.

"कोण असेल असं वाटतं तुम्हाला?" मी विचारलं.

तिने कॉन्स्टेबलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आवाज अगदी खाली नेला.

"हेच असतील असं वाटतं, साहेब. सगळं हे ऑफिसला गेल्यावरच येतं. आणि तो मराठीतही लिहितो. मी आईला लिहिलेलंच मला परत पाठवतो. इथे मराठी येणारं दुसरं कोण आहे?"

"आईला पाठवलेलं वाचतो तो?"

"न पाठवलेलं पण." तिचे डोळे भरले. "एकदा मी लिहिलं, मला इथे राहायचं नाही, मला घेऊन जा. मग वाटलं, आई उगाच काळजी करेल. मी सगळं पुसून टाकलं. पाठवलंच नाही. पाच मिनिटांनी तेच वाक्य माझ्यासमोर आलं. जे मी कुणालाच सांगितलं नाही ते याला कसं कळतं, साहेब?"

मला एवढं कळलं की कुणीतरी तिचं कीबोर्डवरचं प्रत्येक बटण वाचत होतं.

मग तिने शेवटचं सांगितलं. दोन दिवसांपूर्वी दुपारी ती स्वयंपाकघरात होती. घरात कुणी नव्हतं. पुढच्या खोलीतून तान्ह्या बाळाच्या रडण्याचा आवाज आला. ती जिन्यावर जाऊन बसली आणि संध्याकाळी नवरा येईपर्यंत तिथून उठली नाही. आणि ज्याची वाट पाहत बसलेय तोच हे करत असेल तर, हा विचार तेव्हाही तिच्या डोक्यात होता.

त्याच दुपारी आम्ही तिच्या घरी गेलो. ती दारातच थांबली, पुढच्या खोलीत यायला तयार होईना. खोलीत खिडकीतून ऊन आलं होतं. सोफ्यावर अर्धवट विणलेलं बाळाचं टोपडं होतं. टेबलावर कॉम्प्युटर चालू. मी आणि कॉन्स्टेबल खोलीच्या मध्यभागी पोहोचलो आणि सीडीचा ट्रे आपोआप बाहेर आला. क्षणभर थांबला. आत गेला. पुन्हा बाहेर आला.

कोणीतरी आम्हाला पाहिलं होतं.

माझ्याबरोबरची कॉन्स्टेबल शनिवारी रात्री पबबाहेर होणाऱ्या मारामाऱ्यांत एकटी घुसणारी बाई. ती एक पाऊल मागे सरकली. पुराव्याच्या नियमाप्रमाणे अशा वेळी कॉम्प्युटर नेहमीसारखा बंद करायचा नसतो, कारण बंद होता होता तो स्वतःच काही पुसू शकतो. सरळ मागची वायर ओढायची. मी ओढली. कॉम्प्युटरचा पंखा थांबला आणि दारातून बाईचा आवाज आला, "आता तो फोटो पाठवणार."

तिचं म्हणणं खरं होतं. आम्ही आलोय हे त्याला कळलं होतं आणि आमच्या हातात वेळ थोडा होता. नवऱ्यावर संशय असल्याने तिला त्या घरी ठेवता येत नव्हतं. एका महिला आश्रयगृहात तिची सोय केली. नवऱ्याला ऑफिसातून आणून ताब्यात घेतलं.

कॉम्प्युटर तपासायचं काम आमच्याकडे एडिनबराहून आलेली एक तज्ज्ञ करायची. कमी बोलणारी, चहात साखर न घेणारी, कामात घाई न करणारी. मूळ हार्ड डिस्कला हात न लावता तिने आधी तिची हुबेहूब प्रत काढली आणि प्रतीवर काम सुरू केलं. संध्याकाळपर्यंत तिला दोन गोष्टी सापडल्या. एक, कीबोर्ड आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देणारा हेरगिरीचा प्रोग्रॅम. दोन, तोच प्रोग्रॅम आधी अनेकदा पुसला गेल्याच्या खुणा. पुसणाऱ्याने नवऱ्याच्या नावाने लॉगिन केलेलं होतं.

"माग पुसतोय तो," मी म्हणालो.

"पुसतोय हे नक्की," ती म्हणाली. "का ते मशीन सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याची चौकशी झाली. शेजारी त्याचा वकील, समोर टेप रेकॉर्डर. बोलायची सक्ती नाही, पण बोलशील ते पुरावा म्हणून वापरलं जाईल, हे मी नियमाप्रमाणे सांगितलं. माणूस तिशीचा, शर्टाला इस्त्री, डोळ्यांखाली काळं. बायकोच्या फोटोंची गोष्ट सांगितली तर चेहऱ्यावर काही उमटेना. बायको कुठे आहे हे दोनदा विचारलं, बाकी प्रत्येक प्रश्नाला "नो कमेंट".

मी पुसण्याच्या खुणांचा कागद पुढे सरकवला.

"हा प्रोग्रॅम तुम्ही पुसलात. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. काय लपवत होतात?"

त्याने कागद वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला. आतापर्यंत चौकशी इंग्रजीत चालली होती. तो एकदम मराठीत बोलला.

"सर, मी माझं काही लपवत नव्हतो. तिचं लपवत होतो."

वकील गोंधळून माझ्याकडे पाहायला लागला. टेपसाठी मी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं आणि त्याला पुढे बोलू दिलं.

"मला ताप होता, त्या दिवशी घरी होतो. ती झोपली होती. स्क्रीनवर एक खिडकी आली. त्यात लिहिलं होतं, आज तो घरी आहे का? सर, माझ्याच घरात कुणीतरी माझ्या बायकोला विचारतंय, तो घरी आहे का. मी काय समजायचं?" तो थांबला, पाणी प्यायला. "मी शोधून तो प्रोग्रॅम काढून टाकला. म्हटलं, जाऊ दे, एकटी असते, चुकली असेल, बाळ येतंय. तिला काहीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर परत तिथेच. परत काढला. परत आला. मी काढायचो आणि ती परत घालायची."

"तिनेच घातला कशावरून?"

"दुसरं कोण आहे घरात?"

आदल्या दिवशी हाच प्रश्न मी त्याच्या बायकोकडून ऐकला होता.

तो खरं बोलतोय असं मला वाटलं, पण वाटण्यावर कुणाला सोडता येत नाही. चौकशीतल्या माणसांचं मी एक पाहिलंय. खोटं बोलणारा स्वतःची बाजू राखून बोलतो. या माणसाने स्वतःची सगळ्यात मोठी नामुष्की टेपवर सांगितली होती आणि ती त्याच्या काही उपयोगाची नव्हती.

दुपारी मी खोलीत बसून हेरगिरीच्या प्रोग्रॅमने साठवलेले सगळे संदेश वाचून काढले. आमच्या ठाण्यात ते वाचू शकणारा मी एकटाच. धमक्या इंग्रजीत होत्या. मराठी वाक्यं इंग्रजी अक्षरांत, जशी ती आईला लिहायची तशी. वाचता वाचता मी एका संदेशापाशी अडलो. 'मी सगळं ऐकतो' असं इंग्रजीत लिहून त्याखाली त्याने लिहिलं होतं, 'साबुदाणा भिजत घातलाय'.

मी तो संदेश पुन्हा वाचला. तिच्या जागी बसून पाहिलं तर अंगावर काटा येणारी गोष्ट. स्वयंपाकघरातल्या पातेल्यात काय आहे हे भिंतीपलीकडच्या माणसाला माहीत आहे. पण लिहिणाऱ्याच्या जागी बसलो तेव्हा प्रश्न पडला. मराठी माणूस बायकोला घाबरवायला निघाला, तर तिच्या शेकडो वाक्यांतून साबुदाणा कशाला निवडेल? पुढे आणखी एक होतं. 'बाबांची शुगर वाढ'. शब्द अर्ध्यात तुटलेला. शब्द कुठे संपतो हेच लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं. मग मी सगळी मराठी वाक्यं तिच्या लिखाणाशी ताडून पाहिली. प्रत्येक वाक्य तिचंच होतं, तिच्या चुकांसकट. त्याचं स्वतःचं म्हणून एकही मराठी अक्षर नव्हतं.

या माणसाला मराठी येत नव्हतं. दिसेल ते उचलून तो तिच्यासमोर टाकत होता आणि ती घाबरते एवढंच कॅमेऱ्यात पाहत होता.

मी धावतच तज्ज्ञाकडे गेलो. "नवरा नाही," मी म्हणालो. "आणि बायकोने परत घातला असेल असंही नाही. मग पुसलेला प्रोग्रॅम परत येतो कसा?"

"तेच बघतेय," ती म्हणाली. "बस. आणि कशाला हात लावू नकोस."

तिने प्रतीवरून दुसरं मशीन चालू केलं, आमच्या बाकी यंत्रणेपासून तोडलेल्या वेगळ्या इंटरनेट लाइनवर. हेरगिरीचा प्रोग्रॅम शोधून पुसला. अँटीव्हायरसने तपासलं. सगळं स्वच्छ असल्याचा निर्वाळा आला. मग तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. आम्ही दोघे नुसते बघत बसलो. कीबोर्डजवळ कुणी नव्हतं. थोड्या वेळाने लाइनचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. फोल्डरमध्ये फाइल हजर. नाव वेगळं, माल तोच.



"आता हा बघ," ती म्हणाली आणि तिने एक अगदी लहानशी फाइल दाखवली. विंडोजच्या फाइलींमध्ये, त्यांच्यासारखंच नाव घेऊन बसलेली. "हा चोरी करत नाही, बघत नाही, काही बिघडवत नाही. त्यामुळे अँटीव्हायरसलाही संशय आला नाही. याचं काम एकच. कॉम्प्युटर चालू झाला की उठायचं, बाहेर एका ठरलेल्या पत्त्यावर जायचं आणि तिथे ठेवलेलं सामान आत आणायचं. सामान हरवलं तर पुन्हा आणायचं. नवरा पाहुण्याला हाकलत होता, पण दार उघडणारा घरातच होता."

याला ट्रोजन डाउनलोडर म्हणतात. तो घरात आला कसा, तेही सापडलं. दिवाळीच्या सुमारास बाईला ईमेलने शुभेच्छापत्र आलं होतं. तिने उघडलं, पणत्या दिसल्या, संगीत वाजलं. पणत्या बघत असताना मागच्या मागे तो आत उतरला होता.

त्याच डिस्कवर आमच्या तज्ज्ञाला बाळाच्या रडण्याची फाइल मिळाली. पुरावा म्हणून ऐकणं भाग होतं. तिने ती वाजवली. आम्ही दोघंही मुलाबाळांची माणसं, पण तो आवाज पूर्ण ऐकायचा म्हणजे खुर्ची घट्ट धरून बसावं लागलं. संपल्यावर ती बाहेर गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली.

नवऱ्याला त्या रात्री, तपास चालू आहे एवढंच सांगून, सोडलं. डाउनलोडर ज्या पत्त्यावर जात होता तो परदेशातला, निरुपयोगी निघाला. पण हेरगिरीचा प्रोग्रॅम ज्या माणसाला जोडला जात होता, त्याचं कनेक्शन याच देशातलं होतं. इंटरनेट कंपनीकडून रीतसर परवानगीने घराचा पत्ता मिळवला. कार्डिफच्या जवळचं एक गाव. तिथल्या पोलिसांनी वॉरंट घेऊन सकाळी दार वाजवलं. तोवर त्याने फोटो पाठवलेले नव्हते. वायर ओढल्यापासून तो स्वतःच घाबरून बसला होता, एवढंच त्याचं कारण.

चौकशीला मी गेलो होतो. पस्तिशीचा माणूस, गोदामात नोकरीला, हळू आवाजात बोलणारा. प्रोग्रॅम त्याने लिहिलेला नव्हता, इंटरनेटवर आयता मिळवला होता. शुभेच्छापत्रं हजारो लोकांना गेली होती, ती कुणी पाठवली हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या स्क्रीनवर उघड्या कॉम्प्युटरांची रांग यायची आणि तो त्यात बायका शोधायचा. अशा अनेक जणी होत्या.

"हीच का?" मी विचारलं.

त्याने खांदे उडवले. "ती दिवसभर घरी असायची."

मग तो म्हणाला, "ती कुठली भाषा होती?" मी सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी नवराबायकोला ठाण्यावर एका खोलीत बसवून मी सगळं सांगितलं. दोघंही माझ्याकडे बघत होते, एकमेकांकडे नाही. माझं संपल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्हाला माझ्याबद्दल असं वाटलं?"

तो म्हणाला, "आणि तुला? मी हे करीन असं वाटलं तुला?"

मी बाहेर येऊन दार लोटून घेतलं.

कॉम्प्युटर स्वच्छ करणं त्यामानाने सोपं होतं. आमच्या तज्ज्ञाने नवऱ्याला समजावून सांगितलं. आधी इंटरनेटची वायर काढायची. नुसता दिसणारा प्रोग्रॅम पुसून भागत नाही, कॉम्प्युटरबरोबर सुरू होणाऱ्या गोष्टींत आणणारा शोधून त्याला काढायचा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, खात्रीच्या मशीनवरून. आणि एवढी घुसखोरी झाली असेल तर मनात शंका ठेवायची नाही. आपल्या कामाच्या फाइली तपासून बाजूला काढायच्या, डिस्क पूर्ण पुसायची, विंडोज नव्याने घालायची. त्याने तसंच केलं. तरी पुढे वर्षभर तिने त्या कॉम्प्युटरला हात लावला नाही, हे त्यानेच मला सांगितलं.

त्या माणसाने कोर्टात गुन्हा कबूल केला. बाईने यायची गरज नव्हती, पण ती आली. कुशीत तीन महिन्यांची मुलगी, शेजारी नवरा. आरोपीला आणलं तेव्हा ती बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. तो खाली बघत होता.

बाहेर कॉरिडॉरमध्ये ती मला म्हणाली, "मला वाटलं होतं, चेहरा बघितला की भीती जाईल. हा तर बस स्टॉपवर शेजारी उभा असता तर मी सरकून जागा दिली असती, साहेब."

"गेली का मग?"

"त्याची गेली," ती म्हणाली. नवरा पुढे जाऊन तिच्यासाठी दार धरून उभा होता. त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "मी ह्यांनाच तो समजून ह्यांच्या शेजारी झोपत होते. ती भीती जायला वेळ लागेल."

लोक मला विचारतात, त्या केसने काय शिकवलं? संगणकाबद्दल जे शिकलो ते चार वर्षांत जुनं झालं. माणसांबद्दल शिकलो ते शेवटपर्यंत उपयोगी पडलं. त्या गुन्हेगाराने दोघांत भांडण लावलं नव्हतं. त्याला नवऱ्याबद्दल काही घेणंदेणंही नव्हतं. दोघांनी भीती आपापल्यापाशी ठेवली, तिने धाकापोटी, त्याने अब्रूपोटी, आणि बंद घरात भीतीला जो समोर दिसला त्याचा चेहरा मिळाला. दोघांपैकी एकाने जरी तोंड उघडलं असतं, तर आमच्या खोल्यांपर्यंत हे प्रकरण महिनाभर आधी आलं असतं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत असा घाबरलेला माणूस समोर बसला की मशीन कोणतं, काय दिसलं, हे मी नंतर विचारायचो. पहिला प्रश्न एकच असायचा. हे घरी कुणाला सांगितलंय?

बहुतेक जण उत्तर न देता उठून दार नीट लागलंय का ते पाहायचे.